बेवारसरावांची शिस्त

सकाळपासून आभाळ भरून होतं, पण पडायची दानत नव्हती. वारा ठप्प. कालचे कपडे दोरीवर दमट लोंबत होते आणि त्यांच्याखाली बेवारसराव गुडघ्यांवर रांगत चप्पल शोधत होते. बसस्थानकावर हरवलेल्या सामानाची खोली सांभाळणारा हा माणूस. उभी हयात लोकांच्या छत्र्या नि चष्मे शोधून देण्यात गेली. स्वतःची चप्पल मात्र रोज नव्यानं हरवायची.

"कपाटाखाली बघा," बायको गॅसजवळून म्हणाली. "तिथं आणखी चारजणांच्याही निघतील."

नाव त्यांना कामावरच्या लोकांनी ठेवलेलं, आणि ते उगाच नव्हतं. सापडलेल्या सामानाची मुदत संपली की त्याचा लिलाव होई. बरं असेल ते भंगारवाला उचले. भंगारवाल्यानंही पायानं बाजूला सारलेलं जे उरे, ते बेवारसराव घरी आणत. दांडा नसलेली छत्री, चेन तुटलेली बॅग, एका हाताचा मोजा, थर्मासची नुसती झाकणं. "टाकवत नाही हो," असं म्हणताना चेहरा असा करत, की जणू अनाथाश्रमच चालवतात. दयाबिया काही नव्हती. फुकटचं सोडवत नव्हतं, आणि एकदा आणलेलं उचलून टाकायचा कंटाळा होता, एवढंच.

घरातली आतली खोली या वैभवानं छतापर्यंत भरलेली. त्यातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. कोणी पसारा म्हटलं की रावांना राग येई. "पसारा नाही, साठा आहे. एकेक वस्तू जागेवर आहे." होतीच की. माणसांना तेवढी जागा उरली नव्हती.

घर आवरायची शपथ ते मधूनमधून घेत. शपथ घेतली की आधी बाजारात जाऊन एक नवी मांडणी आणत. मांडणी आली की ती भरायला सामान हवंच.

या खेपेला मात्र गळ्याशी आलं होतं. सून दातांच्या कवळ्या बनवायची. ती कामाला जायची ती जागा बंद पडली आणि तिनं घरातूनच काम करायचं ठरवलं. त्यासाठी जाडजूड टेबल सांगितलं. टेबल ठेवायला आतली खोली हवी. तिनं सासऱ्यांना नीट बसवून सांगितलं होतं, "बाबा, खोली मोकळी झाली तर आम्ही कुठं जात नाही. नाही झाली, तर पुलापलीकडं दोन खोल्या बघून ठेवल्यात. टेबल येईल त्या दिवशी काय ते ठरेल."

आम्ही म्हणजे मुलगा, सून आणि नात. नात आजोबांशेजारी झोपायची आणि बसमध्ये काय काय हरवतं ते तोंडाचा आ करून ऐकायची. रावांचं बोलणं पुरतं ऐकून घेणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

राव हादरले. त्यांनी रेडिओवर कुठंतरी ऐकलेलं, सवय लहान असावी, म्हणजे अंगात मुरते. लगेच घोषणा झाली, "रोज कामावर जाताना एक वस्तू कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत!" पहिल्या दिवशी एक झाकण गेलं आणि त्याचं कौतुक रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. दुसऱ्या दिवशी उशीर झाला. मग एकदा मोजा टाकला, तो संध्याकाळी परत आणला. दुसऱ्या हाताचा आला तर? त्यानंतर सगळं सुट्टीच्या दिवशी एकदम करायचं ठरलं. सुट्टीला त्यांनी खोलीतलं सगळं बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, नव्या चिठ्ठ्या बांधल्या आणि पुन्हा आत ठेवलं. खोली चकचकीत झाली. रिकामी तेवढी झाली नाही.

तर आज टेबल यायचं होतं. चप्पल सापडेपर्यंत टेम्पो दारात उभासुद्धा राहिला.

दोघा हमालांनी आत डोकावून पाहिलं. "काका, टेबल छताला टांगायचंय का?"

"दहा मिनिटं थांबा रे," राव घाईघाईनं म्हणाले. "होतंच आलंय."

"दहा मिनिटांत यातून आम्हीच बाहेर पडलो तर मिळवलं," दुसरा म्हणाला.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रावांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांत वरची सूटकेस हिसडून ओढली. "ही बघ, निघाली! आता एकेक करून सगळं काढतो!" आणि छातीशी धरून कोपऱ्याकडे पळत सुटले.

बायको म्हणाली, "जाताना तरी बरे दिसतायत."

राव परत आले तेव्हा सूटकेस हातातच होती. "बिजागऱ्या शाबूत आहेत गं हिच्या. आत कपडे राहतील." दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं स्टूल होतं, एक पाय अर्धा तुटलेला.

"बाबा, हे कुठलं?"

"कुंडीपाशी पडलं होतं. पायाखाली वीट दिली की झालं. तुझ्या टेबलाला जोड."

हमाल खो खो हसले. सून हसली नाही, चिडलीही नाही. तिनं वळून टेम्पोवाल्याला सांगितलं, "दादा, टेबल उतरवू नका. पुलापलीकडं घ्या."

"अगं, उद्यापासून रोज दोन काढतो," राव म्हणाले.

"बाबा, तुम्ही आज एक न्यायला गेलात आणि दोन आणल्यात."

बाकीचं भराभर झालं. मुलानं गाद्या आणि पातेली टेबलाच्या बाजूनं रचली. नात पुढच्या सीटवर चढून बसली आणि खिडकीतून ओरडली, "आजोबा, चला ना!"

"त्यांचं सामान मावायचं नाही, बाळ," आजी म्हणाली.

रावांनी हात वर केला, पण त्यात स्टूल होतं. ते खाली ठेवून हात हलवावा, हे सुचेपर्यंत टेम्पो कोपऱ्यावरून वळला होता.

टेम्पो उभा होता तिथं उंबऱ्यासमोर तेलाचे काळे ओघळ पडले होते. बायकोनं सोड्याचा डबा, बादली आणि दांड्याचा ब्रश आणून आपटला. "वाळायच्या आत घासा. नाहीतर पायांनी घरभर होईल."

राव वाकले, फरशीवर सोडा टाकला आणि घासायला लागले.