भारद्वाजाचं दर्शन

एका सकाळी मी कावळ्याला मनोभावे नमस्कार केला. डोळ्यांवर पेपर वाचायचा चष्मा होता, समोर मधुमालतीचा दाट वेल होता आणि वेलापलीकडे कुंपणावर काहीतरी काळं, जडसं हललं. मी पेपर बाजूला ठेवून उठलो, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा कावळा पोळीचा तुकडा घेऊन उडत होता आणि दारात लेक उभी होती.

"बाबा, तो भारद्वाज नव्हता."

"वेल मध्ये येतो ना," मी म्हणालो. स्वतःच्या चष्म्याला कोण दोष देतो?

वारज्याच्या टोकाला, टेकडीला पाठ लावून आमचं बैठं घर आहे. आजूबाजूला इमारती चढत चालल्यात, पण टेकडीवरची मंडळी अजून आमच्याकडे येऊन-जाऊन असतात. मोर पाण्याच्या टाकीवर बसतात. मुंगूस माझ्या स्कूटरखालून स्वतःचा रस्ता असल्यासारखं जातं. एकदा न्हाणीघरात घोरपड निघाली तेव्हा मी साबणासकट अंगणात आलो होतो. ते शेजाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. पण या सगळ्यांत माझा लाडका भारद्वाज. काळा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. त्याचं दर्शन शुभ, हे लहानपणापासून ऐकत आलोय. विज्ञानाच्या कितीही गप्पा मारल्या तरी तो दिसला की माझे हात आपोआप जोडले जातात. त्या दिवसांत तर तो रोज येत होता. आमच्या वास्तूतच काहीतरी आहे, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. तो रोज कशासाठी येतो, हा प्रश्न मला पडला नाही.

बायकोला पडला असावा. त्याच वेलात बुलबुलांनी वाटीएवढं घरटं केलं होतं. पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यापासून तिने वेलाशेजारच्या दोरीवर कपडे वाळत घालणं बंद केलं होतं. ओले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, घरभर. मी दमट सदरे घालून ऑफिसला जात होतो. "पिल्लं उडेपर्यंत वेलाला कुणी हात लावायचा नाही," असं तिने बजावलं होतं. आमच्या घरात 'कुणी' म्हणजे मी.

पण लेकीची हडपसरला नोकरीची मुलाखत होती आणि निघताना तिला दर्शन व्हावं असं मी मनात घेतलं. आदल्या संध्याकाळी बायको भाजीला गेली तशी मी कात्री काढली. घरटं आतल्या अंगाला होतं. मी बाहेरच्याच फांद्या कापल्या, खुर्चीतून कुंपण दिसेल इतक्याच. मग खुर्चीत बसून पाहिलं. कुंपण दिसत होतं, टेकडी दिसत होती. घरटंही दिसत होतं, आणि तेही मला छानच वाटलं. बायको परत येईपर्यंत अंधार पडला होता.

सकाळी ती आंघोळीला गेली होती. लेक चप्पल घालत होती.

"थांब जरा. येईलच तो."

"बाबा, तो एचआरमध्ये आहे का?"

पण थांबली. आणि तो आला. कुंपणावर अख्खा दिसला. मी हात जोडले, लेकीलाही जोडायला लावले. तो वेलात शिरला, एकेक पाय टाकत, जिना चढणाऱ्या पाहुण्यासारखा सावकाश. मला वाटलं, जवळून दर्शन देतोय. बुलबुल आकांत करत त्याच्या डोक्यावर झेपावत होते. त्याने घरट्यात मान घातली. मान वर आली तेव्हा चोचीत पिल्लू होतं.

माझे हात अजून जोडलेलेच होते.

मग मी चप्पल फेकली. ती भलतीकडेच पडली आणि तो टेकडीकडे निघून गेला. मी लेकीला स्कूटरवरून बसथांब्यावर सोडून आलो, तेवढ्यात तो दुसऱ्या पिल्लासाठीही येऊन गेला होता.

बायको वेलाजवळ उभी होती. येताना मी तयारी केली होती: निसर्गाचा नियम आहे, त्यालाही पोट आहे, वगैरे. पण ती घरट्याकडे बघतच नव्हती. कापलेल्या फांद्यांची ताजी, पांढरी टोकं बोटाने चाचपत होती. माझा निसर्ग घशातच राहिला.

त्या दिवशी रजा टाकून मी घरीच होतो. बुलबुल चोचीत किडा घेऊन येत, घरट्याच्या काठावर बसत, आत बघत, किडा तसाच घेऊन उडत. पुन्हा येत. खुर्चीतून सगळं स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, मुलाखत चांगली झाली, नोकरी मिळाली. भारद्वाजाचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. रात्री जेवताना मी कसंबसं म्हणालो, "माझं चुकलं."

बायकोने माझ्या ताटात आमटी वाढली.

"अहो, उद्यापासून कपडे बाहेर दोरीवर वाळत घाला," ती म्हणाली. "आता तिथे कुणाला त्रास व्हायचा नाही."