अर्धी रोझरी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याविषयी गैरसमज नको. भूत, आत्मा, अंगात येणे — यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असे म्हणवत नाही. माणिकपूरच्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. चिंचोटीच्या धबधब्यापाशी कोणीतरी हाका मारते असे मुले सांगू लागली, की मी फळ्यावर दरीची आकृती काढून प्रतिध्वनी समजावत असे. या सदरातील अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात कारणेच शोधत आलो आहे. त्यामुळे आज इथे स्वतः लिहायला बसताना फार संकोच वाटतो... सत्तरी ओलांडल्यावर प्रथमच काही लिहीत आहे. चुकल्यास सांभाळून घ्यावे.

मी ख्रिस्ती आहे. दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून 'मृतांच्या पुनरुत्थानावर' श्रद्धा असल्याचे सर्वांबरोबर म्हणतो. इतकेच नव्हे, तर आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, दुखवट्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणारा एक छोटा गट आहे, त्यातही मी होतो. मास्तर असल्यामुळे दोन शब्द बोलायचे काम आपोआप माझ्याकडे येई. "माणूस संपत नाही, आपल्याआधी घरी पोहोचतो," हे वाक्य मी किती घरांत उच्चारले असेल! लोक डोळे पुसत, माझा हात हातात घेत. बोलताना ते मला खरेच वाटत असे.

गेल्या नाताळच्या थोडे आधी माझी पत्नी लुसी गेली. दवाखान्यात जायलाही वेळ मिळाला नाही. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिसा, म्हणजे तिच्यासाठीची प्रार्थना, झाली, रोज संध्याकाळी प्रार्थनेला जमणारे शेजारी आपापल्या घरी परतले, मुलगी सिंथिया विरारला तिच्या फ्लॅटवर गेली... आणि ते वाक्य मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणून पाहिले. त्याचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही. लुसी कुठे आहे? — कुठेच नाही, असे आतून उत्तर आले. ही गोष्ट मी फादरांनाही सांगू शकलो नाही.

आमच्या घरी रोज सायंकाळी, चर्चची घंटा झाली की पुढच्या खोलीतल्या अल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, रोझरी होई. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : ही प्रार्थना दोघांत वाटलेली असते. एकाने 'नमो मारिये' म्हणून अर्धा भाग म्हणायचा आणि दुसऱ्याने 'पवित्र मारिये' म्हणत तो पूर्ण करायचा. आमच्याकडे सुरुवात कायम लुसीची असे. मी उत्तर देणारा.

ती गेल्यावर एकट्याने सुरुवात करायला गेलो, तर शब्द पाठ असूनही तोंडातून निघेनात. तिच्या खुर्चीत परस्पर जाऊन बसल्यासारखे वाटे. शेवटी मी एक वेडेपणा केला. माळ हातात घेतली, तिच्या अर्ध्या भागाला लागेल तेवढा वेळ गप्प राहिलो आणि फक्त माझे उत्तर म्हटले. पुन्हा गप्प, पुन्हा उत्तर. अशी अख्खी रोझरी झाली. एका सुशिक्षित माणसाने हवेला उत्तरे देत बसावे, याची इतकी लाज वाटली की मी सिंथियालाही सांगितले नाही. पण रोज तसेच करू लागलो.

आमच्या खिडकीपलीकडे नलूवहिनींची वाडी आहे — केळी आणि सोनचाफा. वहिनी हिंदू, पण आमची रोझरी सुरू झाली की त्यांच्या तुळशीपाशी दिवा लागे, हे वर्षानुवर्षांचे घड्याळ. जानेवारीत एकदा त्या कुंपणाशी चाफ्याच्या कळ्या काढत होत्या.

"भावजी, बहीण आलीय वाटतं राहायला?"

"नाही हो. का?"

"मग रोज संध्याकाळी प्रार्थना सांगतं कोण? बाईमाणसाचा आवाज येतो की."

"टीव्ही असेल कोणाचा," मी म्हणालो.

"टीव्हीला कशाला उत्तरं द्याल तुम्ही? ती म्हणते, मग तुम्ही म्हणता. मला काय आज ऐकू येतंय का?" त्यांनी परडी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "कोणीच आलेलं नाही?"

मी मान हलवली. त्या आत गेल्या. परडी तिथेच राहिली.

आता ज्याची मला सर्वाधिक लाज वाटते ते सांगतो. घाबरलो नाही. आनंदही झाला नाही. मला राग आला... माझ्या घरात, माझ्यासमोर लुसी बोलत असेल, तर ऐकू शेजारणीला यावी आणि मला नाही? मग मी ठरवले, की याची तपासणी करायची. दुसऱ्या संध्याकाळी मोबाईलचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि तो अल्तारावर, मारियामातेच्या मूर्तीमागे, फुलांत लपवून ठेवला. लपवला कोणापासून, हे विचारू नका.

रोझरी नेहमीसारखी झाली. नंतर लावून पाहिले : शांतता, माझे उत्तर, शांतता, माझे उत्तर. अर्ध्यावर बंद केले. झाले समाधान, असे स्वतःला म्हणालो आणि जेवलो नाही.

शनिवारी सिंथिया आली. जेवताना मी हा प्रकार जवळजवळ विनोदासारखा सांगितला. ती हसली नाही. कानात इयरफोन घालून तिने सगळे रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकले. संपत आले असताना तिने ते थांबवले, मागे नेले, पुन्हा ऐकले.

"पप्पा, इथे तुम्ही कोणाशी बोललात?"

"कोणाशीच नाही. मी एकटा होतो."

तिने इयरफोन माझ्या कानात घातला. शांतता होती — आणि त्या शांततेत माझाच आवाज, हसरा, थोडा ओशाळलेला : "नाही गं, जागा आहे."

मला यातले काहीही आठवत नव्हते. आजही आठवत नाही.

"मम्मी 'झोपलात?' विचारायची ना," सिंथिया म्हणाली, "तेव्हा हेच म्हणायचात तुम्ही. अगदी अस्संच." आणि मग लहान मुलीसारखी रडू लागली. "तुमच्याशी बोलते ती. मी विरारला रोज एकटी बसते, पप्पा... माझ्याकडे का नाही येत?"

तिला जवळ घेऊन मी काय सांगायचे होते? इतक्या घरांत सांगितलेले ते वाक्य ओठांवर आले आणि तिथेच राहिले.

मी कारण शोधलेच. डुलकी लागली असणार, सवयीने झोपेत बोललो असणार. हे पूर्णपणे शक्य आहे. त्याच समाधानात मी संध्याकाळी कुंपणाशी गेलो. रेकॉर्डिंगचा विषय काढण्याआधीच वहिनी म्हणाल्या,

"परवा ओरडा खाल्लात ना?"

"कसला?"

"झोपलात म्हणून! प्रार्थना मध्येच थांबवून हटकलं तिने. मी इकडे हसले एकटीच. देवाच्या दारातही नवऱ्याला सोडत नाही म्हटलं."

मग मोबाईलचे सगळे सांगून टाकले. त्यांचे हसू गेले.

"मूर्तीमागे? लपवून?"

"हो."

"भावजी, चोर पकडायचा होता का तुम्हाला?"



त्या दिवसानंतर वहिनींना तो आवाज पुन्हा ऐकू आलेला नाही. मी बरेच दिवस विचारत राहिलो, शेवटी त्याच म्हणाल्या, "नका विचारू. मला नाही म्हणायला जड जातं."

फादरांपाशी जाऊन एकदाचे सर्व सांगितले. वाटले होते, अंधश्रद्धा म्हणून झापतील. ते म्हणाले, "ते काय होतं ते मला माहीत नाही, सर. पण तुम्ही तिला अजून निरोपच दिलेला नाही. आता सुरुवात तुम्ही करा."

तेव्हापासून मी सुरुवातही करतो आणि उत्तरही देतो. पहिले काही दिवस आवाज फुटत नव्हता. सिंथिया विरारहून फोन लावते, स्पीकरवर ठेवते, आणि बहुतेक संध्याकाळी उत्तराचा भाग तिचा असतो. वहिनींचा दिवा लागलेला खिडकीतून दिसतो. दुखवट्याच्या घरीही पुन्हा जातो, पण बोलत नाही. बसतो. कोणी विचारलेच, तर पूर्वीचेच वाक्य सांगतो, फक्त हळू आवाजात.

वहिनींनी काय ऐकले आणि मी कोणाला उत्तर दिले, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. वाचकांपैकी कोणाला सुचले तर मी ते नम्रपणे ऐकेन. पटेल असे मात्र सांगत नाही. लुसीने संसारात माझा एकही शब्द कधी पडताळून पाहिला नाही, आणि तिची चाहूल लागली तेव्हा मी तिच्यावर यंत्र लावले. भेटल्यावर आधी त्याचीच माफी मागायची आहे. ती हसेल, असे वाटते.