पाच तंबू उभे होते

ज्या संध्याकाळी लान्स नायक प्रल्हाद पाईकरावने आमच्या कॅम्पमधील तंबूंचे दोर ढिले केले, त्या संध्याकाळी मी त्याच्यासोबत होतो. आज ढाणकी-उमरखेड भागात ही हकीकत जे सांगतात, त्यांच्यापैकी एकही जण तिथे नव्हता. म्हणून आधी माझे ऐकावे. वाद नंतर घालावा. मी वादाला तयार आहे.

आमची पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरांत होती. पावसाळ्याचे दिवस होते. प्लॅटूनने एका उताराच्या पायथ्याशी सहा तंबू लावले होते. कापड सुती कॅनव्हासचे, दोरही सुती. मी तेव्हा नायक होतो. प्रल्हाद माझ्याच तालुक्याचा आणि माझ्याच सेक्शनमध्ये. संध्याकाळचा क्रम ठरलेला असे : फॉल-इन, शस्त्रांची सफाई, जेवण, आणि अंधार पडण्यापूर्वी दोर ढिले करणे.

हे शेवटचे काम सिव्हिलमधील माणसाला उलटे वाटते. सुती दोर भिजला की फुगतो, आणि फुगला की आखूड होतो. ताणून बांधलेला दोर रात्रभरच्या पावसात इतका आवळतो, की तो ओल्या जमिनीतून खुंटी उपटून काढतो. म्हणून पावसाच्या दिवसांत प्रत्येक दोराला थोडी ढील द्यायची. तंबू संध्याकाळी पोक काढून उभा दिसतो, पण सकाळी उभा असतो.

त्या संध्याकाळी प्रल्हादने आमच्या पाच तंबूंचे दोर ढिले केले. सहावा तंबू आमच्याकडे अटॅच झालेल्या एका मोर्टार डिटॅचमेंटचा, म्हणजे उखळी तोफेच्या तुकडीचा होता. त्यात तापाने फणफणलेले दोन जवान झोपले होते. प्रल्हादने दोराला हात लावताच त्यांचा नायक बाहेर आला.

"हाथ मत लगा. ढीला तंबू, ढीला जवान."

प्रल्हाद "जी" म्हणून परतला. माझ्याजवळ येऊन हळूच हसला.

"हे लोक कापसाची गाडी बांधल्यावानी तंबू बांधून राह्यले, नायकसाहेब. माह्या बापानं पाह्यलं असतं तं शाबासकी देल्ली असती त्याईले."

आमच्या मुलखात माणसाची पारख गाडीवरून होते. कापूस लादल्यावर ज्याचा दोर बोट लावताच वाजतो, तो कामाचा. ज्याचा दोर लोंबतो, त्याला कोणी आपली पोरगी देत नाही. प्रल्हादचे वडील रामजीबाबा गाडी बांधण्यात पंचक्रोशीत पहिले होते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा गैरसमज इथूनच निघाला.

पाऊस रात्रभर पडला. तिकडे उजाडते लवकर. पाचच्या सुमारास स्वच्छ दिसू लागले होते. वरच्या पिकेटवरून, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवरून, रेडिओवर निरोप आला.

"मिट्टी चल रही है. कॅम्प खाली करो. ओव्हर."

प्लॅटून कमांडरांनी एकच ऑर्डर दिली : "सब ऊपर, धार पर. सामान छोड़ो." धार म्हणजे बाजूचा डोंगरकणा; माती तिथे येत नाही.

आमचे पाचही तंबू उभे होते. ते क्षणात रिकामे झाले. सहावा जमिनीवर पडला होता. त्याचे दोर तारेसारखे कडक झाले होते आणि उपटलेल्या खुंट्या त्यांना लोंबत होत्या. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यांचा नायक बाहेर निघाला होता, पण ओल्या कॅनव्हासखाली काहीतरी हलत होते.

"तापाचे दोघंई आत हायेत," प्रल्हाद म्हणाला आणि धावला.

त्याने चाकूने कापड फाडले आणि आत शिरला. पहिला जवान त्याने बाहेर ढकलला. मी त्याला मागच्या माणसाकडे दिले. दुसऱ्याचा पट्टा माझ्या हातात आला. मी त्याला ओढून घेतले आणि ओरडलो, "प्रल्हाद, निघ!"

"आलो," तो म्हणाला.

उतार खाली आला. दुपारी आम्ही त्याला बाहेर काढले. चाकू उघडाच होता, आणि तो त्याच्या हातात होता.

आता लोक काय सांगतात ते पाहा. "पाईकरावने दोर ढिले ठेवले, तंबू अंगावर कोसळला, म्हणून तो गेला." उमरखेडचे, आमच्याच पलटणीतले एक निवृत्त सुभेदार हे भाषणात सांगतात. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांनी वाचले की त्यांना कळेल. गावाने हे लगेच मानले, कारण गावाच्या हिशेबी ढिला दोर म्हणजे ढिला माणूस. मी रजेवर आलो तेव्हा रामजीबाबांना खरे सांगितले होते. ते म्हणाले, "तू त्याचा दोस्त, देवराव. तू असंच म्हनशीन." त्यानंतर त्यांनी गाडी बांधणे सोडले. स्वतःच्या कापसाची गाडी ते शेजाऱ्याकडून बांधून घेत आणि त्या वेळी घरात जाऊन बसत.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी दरवर्षी पावसाळ्यात एक मुक्काम पैनगंगेच्या काठी एकट्याने करतो. लोक याला म्हातारचळ म्हणतात. म्हणोत. जुना कॅनव्हास कुजला, तेव्हा मी नवा लहान तंबू घ्यायला उमरखेडला गेलो. कापसाला भाव नव्हता, घरोघरी कापूस पडून होता, आणि तो झाकायला ताडपत्र्या नेणाऱ्यांनी दुकान भरले होते. दुकानदाराने शाळांच्या शिबिरांसाठी नागपूरहून काही तंबू आणून ठेवले होते.

"हा घ्या, हवालदारसाहेब. चार मानसाचा. पूरी फॅमिली मावते."

"मी एकटाच हावो."

"एकट्याले तंबू कायले? झाडाखाली झोपा ना."

"झाडाले चेन असते का, शेठ? साप इचारून येत नाही."

तंबू कसा निवडावा, हेही या निमित्ताने सांगतो. कारण त्यातही लोक चुकतात. मोठा घेऊ नये. एकट्याने वाहायचा आणि एकट्याने उभारायचा असतो. वरचे आवरण जमिनीच्या जवळपर्यंत यावे, नाहीतर आडवा पाऊस आत येतो. तळाचे कापड कडेने परातीसारखे वर वळलेले असावे. शिवणींवर आतून पट्टी असावी. हवेसाठी वर जाळी हवी, नाहीतर आपल्याच श्वासाने अंथरूण ओले होते. सर्वांत स्वस्त तंबूच्या काड्या माझ्या हातातच वाकल्या. सर्वांत महाग तंबूत पैसे रंगाचे होते. मी मधला घेतला, दुकानातच उभा केला आणि आत पाय पसरून झोपून पाहिला. डोके आणि पाय कापडाला लागले नाहीत. पसंत केला.

एक ओळखीचा शेतकरी ताडपत्री खांद्यावर घेऊन उभा होता. "काहो हवालदार, कापूस घरात पडून राह्यला अन् तुम्ही नायलॉनचं घर घेता? हे बरं हाय काय?"

"कापसाचा तंबू मी पाठीवर वाह्यला, भाऊ. भिजला का त्याचं वजन पाठीलेच समजते."

तेवढ्यात ते सुभेदार दुकानात आले. तंबूतून बाहेर निघणाऱ्या माझ्याकडे पाहून म्हणाले, "हवालदार, याचे दोर तरी नीट आवळा. पाईकरावासारखं करू नका."

लोक हसले. मी उभा राहिलो.

"सुभेदारसाहेब, त्या सकाळी आपण कुठे होता?"

"मागे तळावर. स्टोअरमध्ये. पण हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळे कुठे होते?"

ते ताडपत्र्या चाळू लागले. मी म्हणालो, "आज रामजीबाबांच्या अंगणात या. दोर तुम्हीच बांधा. हवा तेवढा आवळा."

"असल्या पोरखेळाला मला वेळ नाही."

भाषणाला होता. मी तंबू घेतला आणि सुती दोराचे एक बंडल मागितले.

"नायलॉनची दोरी तंबूसंगं फुकट हाय, साहेब."

"ते राहू द्या. हेही द्या."

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, मी रामजीबाबांच्या अंगणात गेलो. या तंबूचे कापड हलके. खुंटी उपटण्याआधी तेच फाटले असते. म्हणून कडुनिंबाच्या बुंध्याला दोन लांब दोर बांधले आणि ओल्या मातीत दोन खुंट्या ठोकल्या. एक दोर मी ढिला बांधला. दुसऱ्याचे टोक बाबांच्या हातात दिले.

"बाबा, गाडीवानी बांधा."

त्यांनी दोर तळव्यांत घोळून पाहिला. मग त्यांनी बांधला. बोट लावताच दोर वाजला. मी दोन्ही दोरांवर बादल्या ओतल्या. बाबांच्या धाकट्या सुनेने चहा आणला. ताडपत्रीवाला शेतकरी आणि आणखी काही जण माझ्या मागोमाग आले होते. ते ओट्यावर बसले. माझे बोलून झाले होते.

ढिला दोर ताठ झाला आणि तसाच राहिला. बाबांचा दोर कडक होत गेला. मी आणखी पाणी ओतले. त्यांची खुंटी आधी कलली, मग मातीचे ढेकूळ घेऊन बाहेर आली.

अंगणात कोणी हसले नाही.

बाबा उठले. खुंटी उचलून त्यांनी तिची माती पुसली.

"त्याचे किती उभे होते म्हनलास?"

"पाच. पाचही."

"अन् पडला तो?"

"त्याले हात लावू नाही देल्ला, बाबा."

"मी त्याले आवळाले शिकवलं," ते म्हणाले. "ढील द्याले त्याचा तो शिकला."

त्या दिवशी मी नदीवर गेलो नाही. तंबू त्यांच्याच अंगणात लावला. अंधार पडायच्या आधी बाबा बाहेर आले, तंबूभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक दोर स्वतःच्या हाताने थोडा ढिला केला. नायलॉनला त्याची गरज नसते, तो भिजून आखूड होत नाही. मी त्यांना ते सांगितले नाही.

रामजीबाबा आता नाहीत. पैनगंगेच्या काठी मी अजूनही संध्याकाळी दोरांना ढील देतो. लान्स नायक प्रल्हाद पाईकरावने दिली होती तेवढीच. कोणाला हसायचे असेल, त्याने पावसात तिथे यावे, सकाळपर्यंत थांबावे, आणि मग हसावे.