बीअ म्हणजे अन्न

बारा वाजले की तो माझ्या टेबलावर दोन बोटं वाजवायचा आणि म्हणायचा, "बीअ!"

न्युरेम्बर्गच्या आमच्या ऑफिसात बाकी सगळे त्या वेळी जेवणाआधीचं जर्मन "माल्त्साइट" म्हणत कँटीनकडे निघायचे. हा आयरिश. बायको जर्मन, मुलगी उत्तरं द्यायची तीही जर्मनमध्ये. पण जेवणाला शब्द मात्र त्याच्या आईचा.

"आमच्याकडे बिया म्हणजे कलिंगड खाताना थुंकतो त्या," मी सांगितलं. तो पोट धरून हसला.

"पूर्वी शेवटी 'द' होता," तो म्हणाला, "बोलून बोलून झिजला. मूळ अर्थ जगणं. 'आयुष्य'ला आमचा शब्दही तिथलाच."

दुसऱ्या दिवशी कोट न काढताच तो माझ्याकडे आला. "तुमचा 'जीव' आणि आमचं 'बीअ', मूळ एकच! कोशात पाहिलं."

"मग जेवणही त्यातलंच!" मी घाईने म्हणालो. शोधलं, तर ते वेगळ्याच धातूचं निघालं. त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. शब्दासाठी एवढं हळहळणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

दोन हजार सातच्या हिवाळ्यात त्याचा घास अडकायला लागला. अन्ननलिकेचा कॅन्सर. पोटात नळी बसवली.

आम्ही तोवर दुसऱ्या शहरात राहायला गेलो होतो. तिथून त्याला शेवटचं भेटायला गेलो तेव्हा माझी बायको मेधा त्याच्यासाठी मुगाचं पातळ कढण घेऊन गेली होती. "आता तेही उतरत नाही," त्याची बायको दारातच हळू आवाजात म्हणाली. पुढच्या रविवारच्या आत तो गेला.

त्या भेटीत मात्र त्याने विचारलं, "तुमच्यासाठी काय आणलंय?"

परतीच्या प्रवासासाठी वरण-भाताचा डबा होता.

"मग जेवा. इथे, माझ्यासमोर."

"अरे, मला नाही जमणार," मेधा मराठीत मला म्हणाली. त्याला भाषा कळली नाही, पण बाकी कळलं.

"प्लीज," तो म्हणाला.

झाकण उघडलं. तुपाचा वास त्याने लांब श्वासाने आत घेतला आणि डोळे मिटले. माझा घास तोंडातच फिरत होता. माझ्या चमच्याचा आवाज थांबला, तसा तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "चालू दे."

डबा संपला. तो झोपलाय की जागा आहे, कळेना. मेधाचे गाल ओले झाले होते, पण ती रिकाम्या डब्यात चमचा वाजवत राहिली. मीही.