सुंदराबाई फळीवर बसली

शिवदास मिस्त्रीचं मनगट मोडलं तेव्हा त्याचा जीव हातापेक्षा राउटरसाठी जास्त तुटला. लाकडात खाचा पाडणारं ते मशीन दोन्ही मुठींनी घट्ट धरावं लागतं. हात जरा ढिला पडला की ते आपल्याच मर्जीनं पळतं. प्लास्टर निघालं, पण मुठीवर भरवसा बसेना. साकीनाक्याच्या कारखान्यातल्या जोडीदाराला, गुणाजीला, त्यानं सांगून टाकलं, "विहाराचं रॅक करून बघतो. बिघडलं तर मशीन तुझं."

रॅक कांजूरमार्गच्या विहारातल्या अभ्यासिकेसाठी होतं. विहाराचं जुनं सागवानी दार काढलं, त्यातून रॅकच्या दोन बाजूंपुरत्या दोनच फळ्या धड निघाल्या. पोरवयात शिवदास त्याच दारातून अभ्यासाला जायचा. फळी वाया गेली तर तसली दुसरी आणायची कुठून?

काम सुरू होण्याआधीच नवराबायकोचं वाजलं. तळचा कप्पा मोठा ठेवायचा, ही शिवदासची जन्माची सवय. विहारात झाडलोट करणारी त्याची बायको सुंदराबाई मात्र हटून बसली.

"सगळे कप्पे सारखेच पाहिजेत. मोठा कप्पा दिसला की पोरं त्यात चपला कोंबतात."

"मिस्त्री कोण, तू का मी?"

"आणि झाडू कोणाच्या हातात असतो?"

शिवदासनं तोंड वाकडं करून सगळे कप्पे सारखे आखले.

कारखान्यात तो दोन्ही फळ्या शेजारी ठेवून एका दमात खाचा पाडायचा. हे काम घरासमोरच्या बोळात होतं, तिथे तेवढी जागा नव्हती. म्हणून एकेक फळी घेतली, आणि ती हलू नये म्हणून टोकाला सुंदराबाईला बसवलं.

"वजन म्हणूनच केली होती का मला?"

"हलू नकोस गं बाई!"

मशीन सुरू झालं, बोळभर भुसा उडाला. खाच पुढच्या कडेच्या बोटभर आधी थांबवायची, म्हणजे आडवी फळी मागून सरकवता येते आणि रॅक समोरून अखंड दिसतं. तिथे मनगटाची परीक्षा असते. प्रत्येक खाच हवी तिथेच थांबली. दुसरी फळीही तशीच झाली. शिवदासचे डोळे भरून आले. भुसा गेला, असं तो म्हणाला.

मग त्यानं फळ्या समोरासमोर उभ्या केल्या आणि वाट लागली. दोन्ही फळ्या डाव्या बाजूच्याच झाल्या होत्या! एकीची अखंड कड समोर आली, दुसरीची भिंतीकडे गेली. समोर नुसत्या उघड्या खाचा. कालचा शिकाऊसुद्धा अशी चूक करत नाही. शिवदासनं मशीनची पिन काढून ठेवली.

"हात चालला, पण डोकं गेलं. गुणाजीला बोलाव. मशीन नेऊ दे."

"मग भिंतीकडची कड पुढे फिरवा की," सुंदराबाई म्हणाली.

"फिरवली की खाचा बाहेरच्या अंगाला जातील ना!"

"मग खालचं टोक वर करा."

"तसं नसतं गं. तळचा मोठा कप्पा वर जाईल, आणि..."

शिवदास बोलता बोलता थांबला. मोठा कप्पा होताच कुठे? जन्मभर त्यानं तळ मोठा ठेवला, त्यामुळे फळी उलटी करायचा विचारच कधी मनाला शिवला नव्हता. त्यानं ती उलटी उभी केली. अखंड कड समोर आली. आडव्या फळ्या सरकवल्या, त्या खाचांत अलगद बसल्या, एका रेषेत.

तो सुंदराबाईकडे वळला. "तू होतीस म्हणून गं," तो म्हणाला. "नाहीतर आज मी हात टेकले होते."

"बरं बरं. आधी बोळातला भुसा उचला."

तेवढ्यात गुणाजीचा फोन आला. "काय रे, मशीन न्यायला येऊ का?"

"ये," शिवदास म्हणाला, "रॅक विहारात न्यायचंय. एक बाजू तू धर, दुसरी मी धरतो."