बोटभर लाल दोरा

पोर्ट ब्लेअरहून तार आली तेव्हा घाटकोपरच्या घरी मी बाबांची दाढी करत होतो. कुंदाताई गेली. हॉस्पिटलात, ड्यूटीवर असतानाच... बाबांनी साबणाचा चेहरा तसाच पुसला आणि विचारलं, "आत्ता निघालो तर कधी पोहोचू?" तिकडचं पुढचं विमान मिळायच्या आत सगळं उरकणार होतं. उरकलंही.

ताई माझी मोठी बहीण, नर्स, आणि हट्टी म्हणजे विचारू नका! साठच्या दशकात मी नोकरीसाठी इम्फाळला होतो. रजेवर घरी आलो आणि नेमकी तिला पोर्ट ब्लेअरची नेमणूक आली. बाबांनी घर डोक्यावर घेतलं. "काळ्या पाण्यावर जायला कुणाचा खून केलास गो?" मग आवाज उतरला. "हा एका टोकाला, तू दुसऱ्या. उद्या एकाला काही झालं तर दुसरं पोहोचणार कसं?"

ताई भांडली नाही. माझा शाळेतला पृथ्वीचा गोल तिने माळ्यावरून काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. इम्फाळ आणि पोर्ट ब्लेअर असे पेन्सिलीने दोन ठिपके काढले, दोरा ताणून बसवला आणि कापला. बोटभर झाला. मग तोच मुंबई-कलकत्त्यावर धरला, तर कमी पडला! "बघा बाबा. तुम्ही आम्हा दोघांना घाटकोपरवरून मोजता. आम्ही तर एकमेकांचे शेजारी आहोत."

"विमान काय दोऱ्यावरून जातं?"

"नाही जात. कलकत्त्याला बदलायचं. उडायचे तास थोडे, थांबायचे जास्त. दोन्ही धरूनच सांगते, मी पोहोचेन." बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. तिने ट्रंक भरली आणि गेली.

इम्फाळला मी विषमज्वराने आडवा झालो तेव्हा ऑफिसने ताईला आणि बाबांना तारा केल्या. ताई आधी आली. शुद्ध येई तेव्हा तिचा दम कानावर पडायचा, "मरायचं नाही हं रे मधू, मी बाबांना शब्द दिलाय." बाबा गाड्या बदलत, धूळ खात मागाहून पोहोचले, तर ही पदर खोचून पेज गाळत होती. "आलात? पाय धुवा. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." बाबा पायरीवरच बसले आणि ढसाढसा रडले. आज मी आहे तो तिच्यामुळे, हे मी कुणालाही सांगेन.

पुढे माझी मुंबईला बदली झाली. घरात पेढे वाटले. सुट्टीवर आलेली ताई मात्र म्हणाली, "वाट लागली! आता तू लांब गेलास रे." तेव्हा सगळे हसलो...

तिचे दिवस झाल्यावर बाबांनी मला माळ्यावरून तो गोल काढायला लावला. दोरा अजून तिथेच, ताईने इम्फाळच्या ठिपक्याला चिकटवलेला. त्यांनी तो सोडवला, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं ताणलं. ते समुद्रातच संपलं.

"पुरत नाही रे, मधू."

बाबा उठले, आईच्या डब्यातून लाल दोऱ्याचा तुकडा घेऊन आले. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. मग दोरा पोर्ट ब्लेअरपर्यंत नेऊन टेकवला.

"तिची खोली बघायचीय मला. तिकिटं काढ. आणि कलकत्त्याला थांबायचं किती, तेही धर."