खरं कारण

"आंधी बसा, मंग भांडा."

दारात कोणी आवाज चढवत आलं की बाई आपलीच खुर्ची त्याच्याकडे सरकवत आणि स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहत. बसलेल्या माणसाला नीट ओरडता येत नाही, हे त्यांचं पक्कं मत. "पोट दबते नं," त्या नंतर मला हळूच सांगत.

बाई आमच्या शाळेच्या पर्यवेक्षिका, गणित शिकवायच्या. अशा बाई तुमच्याही पाहण्यात असतील: पदर खोचलेला, बोटांना खडू, आणि हसू यायच्या आधी खांदे हलणार. मी बुलढाण्याहून बसने यायचे, पाचवीला इंग्रजी शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये डब्याशिवाय कशाकडे फारसं बघत नसे.

त्या जुलैत एका मुलाचे वडील सरळ वर्गात शिरले. मुलाचा मोबाइल काढून घेतला म्हणून त्यांनी विज्ञानाच्या सरांच्या कानाखाली मारली. मुलं बघत होती. बाई सरांबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसल्या. पण सर बाहेरगावचे. आठवड्यात सामान बांधून गेले. मागोमाग मराठीच्या मॅडम गेल्या. मग मीही राजीनामा लिहिला.

बाईंनी तो चष्मा वर-खाली करत वाचला. "वैयक्तिक कारण. कोन्तं?"

मी दाराकडे पाहिलं.

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. याआधी सोडून गेलेल्यांचे राजीनामे. "पाह्य. सगळ्यायचं वैयक्तिक कारण. वाचनाऱ्याले वाटन, या शाळेत नुसती लग्नं जुळून राह्यली."

त्यांचे खांदे हलले. मलाही हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

"तुम्हाला नाही वाटत भीती?"

"वाटते नं. मले एका बापानं चप्पल फेकून मारली होती. नेम चुकला, फळ्याले लागली. पोरगं बी भूमितीत तसंच कच्चं होतं." मग आवाज उतरला. "आठ दिवस शाळेत आली नाही मी. रजेच्या अर्जात लिवलं, ताप. पोरी, जायाचं असन तर जाय, मी सही करते. पन खरं कारण लिव."

मी लिहिलं: फळ्यावर लिहिताना दाराकडे पाठ होते, तेव्हा मला भीती वाटते.

बाईंनी सही केली. शनिवारी संस्थाचालक आणि शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून त्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "आता याले वैयक्तिक म्हना." कोणी म्हटलं नाही. उलट संस्कृतच्या सरांनी हात वर केला, "माझंही हेच." मग एकेक करत सगळ्यांनीच.

सोमवारपासून नियम लागला. पालकांनी कार्यालयात बसायचं, वर्गात जायचं नाही. आणि कोणत्याही शिक्षकाने पालकांना एकट्याने भेटायचं नाही. शिवाय बाईंनी माझ्या वर्गातला फळाच उचलून दाराच्या शेजारच्या भिंतीवर लावून घेतला. आता दार माझ्या डोळ्यांच्या कडेला असे. दोन दिवस मुलं सवयीने जुन्या भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी बाईच बदली तासाला आल्या आणि बोलता बोलता त्या कोऱ्या भिंतीवर अख्खं अपूर्णांकाचं उदाहरण सोडवून मोकळ्या झाल्या. वर्ग हसून लोळला. बाईही.

मी म्हटलं, महिनाभर थांबून बघते. पुढच्या महिन्यातही तेच म्हटलं. नंतर म्हणायचं राहूनच गेलं.

गेल्या मे महिन्यात बाई बीबी गावाला लेकीकडे राहायला गेल्या. यंदा शिक्षकांचा फोटो काढायला धामणगाव बढ्याचा नेहमीचा फोटोवाला आला. दरवर्षी आमच्या शाळेत नवे चेहरे उभे करायची त्याला सवय. कॅमेऱ्यातून डोकं काढून त्याने परत मोजलं.

"मॅडम, औंदा सारे तेच दिसून राह्यले. एक बाईच कमी हायेत. काऊन गेल्या?"

"निवृत्त झाल्या."

"बस? वय झालं म्हनून?"

"हो," मी म्हटलं, "नुसतं वय झालं म्हणून."

रांगेत हशा पिकला. फोटोत आम्ही सगळे तसेच आलो आहोत, तोंडं उघडी, एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही.